षष्ठीचे घर

शके १९३९, मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष. इसवी सन २०१७मधील नोव्हेंबर महिन्याची अखेर, हेमंत ऋतू.

“पण मग गुळवेल कडुनिंबावर चढते, हे नातं राहतं कुठं?” मास्तरांनी विचारले.

“गुळवेलीच्या आत,” ऋजुता म्हणाली.

“आत म्हणजे?”

“पोटात. सर, प्रत्येक संज्ञा म्हणजे एक ऑब्जेक्ट. एक बंद डबी समजा. तिचं नाव, तिचा वर्ग, तिचे गुण, सगळं त्या डबीत. ती कोणाशी जोडलेली आहे, तेही तिथंच.”

“सर म्हणू नकोस. सर म्हटलं की मला तासाची घंटा ऐकू येते.”

“मग?”

“मास्तर.”

आजऱ्याच्या एका वाचनालयातील माडीवरची ती खोली. भिंतीला लागून लहान लहान खणांचे लाकडी कपाट, त्यात चिठ्ठ्यांवर लिहिलेला औषधी वनस्पतींचा कोश. त्यातील पांढऱ्या चिठ्ठ्यांवर वनस्पतींची नावे होती. ती नेसरीकर मास्तरांच्या अक्षरात. हिरव्या चिठ्ठ्यांवर एका नावाचे दुसऱ्या नावाशी असलेले नाते होते: कोण कोणावर चढते, कशाचा कशावर उतारा, काय कशासोबत देऊ नये. ती हुक्केरीबाईंच्या अक्षरात. बाई दवाखान्यात परिचारिका होत्या, गावोगाव हिंडत. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. मास्तर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

माघ महिना सरण्यापूर्वी खोली रिकामी करून द्यायची होती. संगणकात जे जाईल ते राहणार होते. जे जाणार नाही ते रद्दीत. आणि मास्तरांच्या सहीशिवाय काहीच जाणार नव्हते.

ऋजुता सामंत हिला त्यासाठी पुण्याच्या एका संस्थेने पाठवले होते. वय एकतीस. डॉक्टरेट झालेली. बोलणे नेमके, आणि चूक ही नेहमी समोरच्याची असते, असा स्वच्छ समज.

“पांढऱ्या चिठ्ठ्या पूर्ण झाल्या,” ती म्हणाली. “हिरव्यांतलं जे कामाचं होतं, ते पांढऱ्यांच्या पोटात घातलं. म्हणजे हिरव्या आता रद्दीत दिल्या तरी चालतील.”

मास्तरांनी संगणकाच्या पडद्याकडे बोट केले.

मग म्हणाले, “कडुनिंबाला विचार.”

“काय?”

“त्याच्या अंगावर कोण चढलंय ते.”

तिने विचारले. पडदा कोराच राहिला.

“त्याला माहीत नाही,” ती म्हणाली.

“इतकी वर्षं वेल अंगावर आहे. चाहूलसुद्धा नाही?”

“त्याच्या डबीत ते घातलेलं नाही, एवढंच. घालते. दोन्हीकडे घालीन. आठवड्याचं काम आहे.”

“घाल,” मास्तर म्हणाले.

*

आठव्या दिवशी ती पुन्हा समोर बसली. हात घडी घालून.

“गुळवेल सांगते, मी कडुनिंबावर. कडुनिंब सांगतो, माझ्यावर गुळवेल. झालं?”

मास्तरांनी चष्मा पुसला. खुर्ची पुढे ओढली.

“यातलं एक खोडायचं तर कुठली कळ दाबायची?”

“ही. पण कशाला?”

मास्तरांनी एका बोटाने कडुनिंबाकडची ओळ खोडली. मग म्हणाले, “आता गुळवेलीला विचार.”

“ती अजूनही म्हणते की…”

“ती म्हणते आहे. तो म्हणतो नाही.” मास्तर हसले. “अशी दोन-तीन घरं आमच्या गल्लीत आहेत. पण तिथं निदान भांडण ऐकू येतं. तुझ्याकडे दोघंही शपथेवर, आणि दोघंही शांत.”

ऋजुताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

“मी पहारा बसवते. एकीकडे बदल झाला की दुसरीकडे आपोआप व्हायला हवा.”

“आणि पहारेकऱ्यावर कोण?”

“मास्तर, जगभर असंच करतात!”

“असतील. जगाच्या चिठ्ठ्या मी पाहिलेल्या नाहीत.”

ते उठले. कपाटाशी गेले, खण ओढला आणि फार न शोधता एक हिरवी चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली.

‘कडुनिंबावर चढलेली गुळवेल तापावर अधिक गुणकारी. सांगणार तानूबाई, हत्तिवडे. ज्येष्ठ, शके १९०२. मला खात्री नाही. पुन्हा विचारावे.’

“हे ‘मला खात्री नाही’ कोणाच्या डबीत ठेवलंस?”

“कोणाच्याच नाही.”

“का?”

“कारण तो शेरा आहे, माहिती नव्हे.”

“गुळवेलीला खात्री आहे,” मास्तर म्हणाले. “कडुनिंबालाही आहे. तानूबाईला तर होतीच. खात्री फक्त बाईंना नव्हती. ती गेली कुठं?”

“शेरे मी गाळले आहेत.”

“किती?”

“सगळे.”

मास्तरांनी चिठ्ठी उचलली. ज्या दोन चिठ्ठ्यांच्या मधून काढली होती त्यांच्याच मधे ती उभी केली. खण आत ढकलला.

“सही नाही,” ते म्हणाले.

“एका शेऱ्यासाठी? मास्तर, माघानंतर ही खोलीच राहणार नाही. सही नाही म्हणजे पांढऱ्याही गेल्या. तुमचीही चाळीस वर्षं गेली!”

“माझी जाऊ देत.”

…

ती लॅपटॉप मिटून जिना उतरली. पाऊल जरा जोरातच पडत होते.

*

ती पुण्याला गेली नाही. बसस्थानकामागे एका लॉजमध्ये खोली घेऊन राहिली. शेरे निरर्थक आहेत हे सिद्ध करायचे, तर सगळे शेरे वाचायला हवेत, असा तिने हिशेब मांडला.

रोज सकाळी ती येई. एक एक खण काढी. मास्तर खिडकीशी बसत. दोघांमध्ये दिवसाकाठी दहा वाक्ये होत नसत. बाहेर धुके उतरे, विरे. खाली वाचनालयात कोणी वर्तमानपत्राचे पान उलटले तर वर ऐकू येई.

हिरवी चिठ्ठी: ‘हे पान किडीने खाल्लेले आहे. नमुना म्हणून हेच मिळाले काय?’

त्याच नावाची पांढरी चिठ्ठी, खाली बारीक अक्षरात: ‘दुसरे जोडले आहे.’

हिरवी: ‘नाव चुकले. ही ती वेल नव्हे.’

पांढरी: ‘हीच ती.’

हिरवी: ‘फूल येईपर्यंत थांबावे.’

पांढरी, पाच महिन्यांनंतरची तारीख: ‘ती नव्हे. दुरुस्त केले.’

हिरवी: ‘रागावू नये.’

ऋजुता त्या नावाची पांढरी चिठ्ठी उलटसुलट करून पाहत राहिली. पुढे काहीच लिहिलेले नव्हते. मग वर्षभरानंतरच्या, अगदी वेगळ्या झाडाच्या पांढऱ्या चिठ्ठीवर तिला ते सापडले: ‘रागावलो नव्हतो.’

एका हिरव्या चिठ्ठीवर फक्त ‘शाई संपली’. पांढरीवर ‘आणली’.

अकराव्या दिवशी तिने खण मांडीवरून खाली ठेवला.

“मास्तर, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता?”

“बोलत होतो की.”

“म्हणजे तोंडानं.”

“बाई बारा ते दोन यायच्या, दवाखान्याच्या सुट्टीत. मी पाच ते सात, शाळा सुटल्यावर. किल्ली चौकटीवर.”

“का?”

“बाईंचा नवरा परागंदा होता. मेलेला नव्हता. माझं लग्न झालेलं नव्हतं. गावाला डोळे असतात.”

“किती वर्षं असं?”

“सत्तावीस. निवृत्त झालो तरी वेळा त्याच.”

“एकदाही या खोलीत एका वेळी…?”

“एकदा पावसानं बाई अडकल्या. माझी वेळ झाली होती.”

“मग?”

“मी जिन्यात उभा राहिलो.”

ऋजुता जिन्याकडे पाहू लागली. अरुंद, अंधारा जिना होता तो. उभे राहायला जागा अशी नव्हतीच.

“पाऊस थांबेपर्यंत?”

“थांबला नाही तो. दिवेलागणीला त्या तशाच भिजत गेल्या. मी भिंतीला चिकटून वाट दिली.”

…

“मास्तर,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, “मी हे ठेवू कुठं? गुळवेलीच्या डबीत बसत नाही. कडुनिंबाच्याही बसत नाही. दोन्हीकडे ठेवलं तर दोन होतं. आणि हे तर एकच आहे.”

मास्तरांनी तिच्याकडे वळून पाहिले.

“व्याकरण कुठवर शिकलीस?”

“दहावीपर्यंत.”

“पुष्कळ झालं.”

त्यांनी एका कोऱ्या कागदावर सावकाश दोन शब्द लिहिले. दुसऱ्या शब्दावर तळहात ठेवला.

“वाच.”

“कडुनिंबाची…”

“हाताखाली काय आहे?”

“झाकलंय तर कसं सांगू?”

“थोडंफार सांगता येईल.”

तिने क्षणभर विचार केला. चेहऱ्यावर जुना तोरा परत आला.

“स्त्रीलिंगी शब्द आहे. एकवचनी. साल असेल, काडी असेल, सावली असेल.”

“नक्की?”

“नक्की! ‘ची’ आहे ना?”

मास्तरांनी हात उचलला.

‘पाने’.



“नपुंसकलिंगी,” ती हळूच म्हणाली. “अनेकवचनी.”

“ही ‘ची’ चिकटली आहे कोणाला?”

“कडुनिंबाला.”

“वळली कोणाप्रमाणे?”

“पानांप्रमाणे.”

“राहते एकाच्या दारात. लुगडं नेसते दुसऱ्याच्या पसंतीचं.” मास्तरांनी बोट त्या एका अक्षरावर टेकवले. “मग ही कोणाची?”

ती कागदावर वाकली.

“बाकीच्या विभक्तींशी क्रियापदाचं बोलणं असतं,” मास्तर म्हणाले. “कोणी केलं, कशानं केलं, कोणासाठी केलं, कुठं केलं. संबोधन सोड, ती नुसती हाक. पण षष्ठी, म्हणजे ही ‘ची’, वाक्यात असून क्रियापद तिला काही विचारत नाही. वाक्यातलं कुठलंच काम तिच्याकडे नाही. दोन नामांच्या मधे उभी असते.”

“मी तिला गुळवेलीच्या पोटात घातलं,” ऋजुता म्हणाली. “मग कडुनिंबाच्या. मग दोघांच्या. कोणाचीच नव्हती ती… आणि प्रत्येक वेळी बाहेर राहिलं ते मी शेरा म्हणून टाकून दिलं.”

मास्तरांनी कागदाची घडी केली.

“तिला घर दे,” ते म्हणाले.

*

पाच आठवडे लागले.

तिने सगळे मोडले आणि पुन्हा बांधले. आता संज्ञेच्या डबीत नाते नव्हते. नाते हाच एक स्वतंत्र ऑब्जेक्ट झाला. त्याला स्वतःचा क्रमांक, स्वतःची दोन टोके. कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात. आणि खात्री आहे की नाही, हे लिहायला जागा. एका हिरव्या चिठ्ठीला एक ऑब्जेक्ट. सहा हजार तीनशे सोळा. बाईंचे ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तिने बदलले नाही.

एके दुपारी ती मास्तरांपुढे ‘शाई संपली’ घेऊन उभी राहिली.

“हा शेरा कुठल्याही वनस्पतीचा नाही.”

“नाही.”

“मग याची दोन टोकं कोणती?”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिले.

“गाळू म्हणता का?” तिने विचारले.

मास्तरांनी ती चिठ्ठी घेऊन पुन्हा वाचली आणि तिच्या हातात परत दिली.

“घालते,” ऋजुता म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

पौष सरताना तिने त्यांना पुन्हा पडद्यासमोर बसवले. गुळवेलीला विचारले, तिने कडुनिंब सांगितला. कडुनिंबाला विचारले, त्याने गुळवेल सांगितली. दोघेही एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवत होते, आणि त्याच्या पोटात तानूबाई होती, हत्तिवडे होते, ज्येष्ठ होता, बाईंना नसलेली खात्री होती.

“खोडून पाहा,” ती म्हणाली. “तीच कळ.”

मास्तरांनी एका बोटाने ते नाते खोडले.

गुळवेलीला विचारले. पडदा कोरा. कडुनिंबाला विचारले. कोरा.

“दोघंही एकदम विसरली,” ऋजुता समाधानाने म्हणाली. “आता भांडण नाही, मास्तर. मधलं गेलं की दोन्हीकडचं जातं.”

मास्तरांचे बोट अजून कळीवरच होते.

“परत घाल,” ते म्हणाले.

“घालते. नुसती चाचणी आहे ही.”

“आधी परत घाल.”

तिने घातले. मास्तरांनी गुळवेलीला स्वतः विचारले, मग कडुनिंबाला. दोन्ही उत्तरे वाचून झाल्यावर ते मागे टेकले.

*

माघ शुद्ध पंचमी, सोमवार, दिनांक २२ जानेवारी २०१८. त्या दिवशी या गोष्टीचा निकाल लागला.

सकाळी ऋजुताने दोन पत्र्याच्या ट्रंका माडीवर आणवल्या होत्या. दोन्ही रंगांच्या चिठ्ठ्या संगणकात गेल्या होत्याच. तरी तिने त्या खणांच्या क्रमाने ट्रंकांत लावल्या, मधे जाड पुठ्ठे घालून. रद्दीचे नाव कोणी काढले नाही.

“कुठं नेणार?” मास्तरांनी विचारले.

“माझ्या घरी. संस्थेत कपाट मिळेपर्यंत.”

“वाळवी?”

“नाही आमच्याकडे.”

“असते. दिसत नाही.”

“मग कडुनिंबाची पानं घालीन.”

मास्तरांनी मान डोलावली. संमतिपत्र वाचले, दोनदा. एका ठिकाणी ‘दिलि’ छापले होते, तिथे वेलांटी दीर्घ केली. मग सही केली.

“एक राहिलं,” ऋजुता म्हणाली. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “पहिलं पान. कोश तयार करणाऱ्यांची नावं.”

पडद्यावर दोन नावे होती. गोविंद रामचंद्र नेसरीकर. सुभद्रा हुक्केरी. दोघांच्या मधे एक रिकामी चौकट.

“हे काय?”

“दोन नावं एका नोंदीत आली की त्यांचं नातं सांगावं लागतं. नियम मीच घातला आहे. चौकट रिकामी ठेवता येत नाही. रिकामी ठेवली तर नावं सुटी होतात, दोन वेगळ्या पानांवर जातात.”

तिने यादी उघडली. पती-पत्नी. भाऊ-बहीण. गुरू-शिष्य. सहकारी. मित्र.

मास्तरांनी पडद्यावर बोट ठेवून यादी वरून खाली वाचली. मग खालून वर.

“सहकारी घालू?” तिने विचारले.

“एका वेळी कधी काम केलं नाही आम्ही.”

“मित्र?”

“तो शब्द बाईंच्या एकाही चिठ्ठीवर नाही. तू सगळ्या वाचल्यास.”

“नाही,” ऋजुता म्हणाली. “नाही तो.”

“मग तो घालणारे आपण कोण?”

“यादीत नवा शब्द घालता येईल, मास्तर. तुम्ही सांगाल तो. मी बाकी कोणाला विचारणार नाही.”

…

खाली वाचनालयात कोणी खुर्ची सरकवली. रिकामे खण कपाटात अर्धवट उघडे होते. मास्तरांनी पेनला टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

“‘आणि’ लिही,” ते म्हणाले.

ती थांबली.

“मास्तर, ‘आणि’ हे अव्यय आहे. ते नुसतं जोडतं, नातं सांगत नाही.”

“नाही सांगत,” मास्तर म्हणाले. “लिही.”